धोंडिबाच्या कैऱ्यांचं लोणचं

शहाड स्टेशन ते मोहने शेअर रिक्षा चालवतो मी. नाव बाळ. डोक्यावरचे केस पांढरे झाले, तरी नाव बाळच. आईबापाने ठेवताना पुढचा विचार केला नाही, त्याला मी काय करू! माझ्या शेजारच्या खोलीत गंगुबाई राहते. मी तिला गंगुमावशी म्हणतो. आमच्या चाळीत अजून तिच्याबद्दल काहीबाही बोललं जातं आणि ज्यांना धड काही माहीत नाही तेच तोंड वर करून जास्त बोलतात. ऐकून माझं टाळकं सरकतं. म्हणून म्हटलं, एकदा नीट सांगून टाकतो. मी सगळीकडे होतो, कारण रिक्षा माझी होती.

मावशी मूळची मुरबाडच्या पुढची. माळशेजच्या वाटेवर टोकावड्याच्या अलीकडे आत एक वाडी आहे, तिथली. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. बाप दिवसभर रानात. तिला वाढवलं तिच्या थोरल्या भावाने, धोंडिबाने. तो मला स्वतः सांगायचा, "बाळ, हिची वेणी मी घालायचो. गुरांची दावी वळतात ना, तशीच वळायचो. रडायची बिचारी!" मावशी लटकं रागवायची, "गप रे दादा, लोकांत काय सांगतोस!" तो अजून मोठ्याने सांगायचा. दोघं म्हातारी झालेली, पण एकत्र आली की शाळा सुटल्यासारखी वागायची.

लग्न करून ती मोहन्यात आली. नवरा दौलत कारखान्यात होता. कारखान्यातला जावई म्हणजे तेव्हा वाडीत केवढं कौतुक! मग कारखाना बंद पडला आणि आमची अख्खी वस्तीच बसली. माझा बापही तिथलाच, त्याने मला रिक्षा घेऊन दिली. दौलतकाका ठाण्याला एका सोसायटीत वॉचमन लागले. राहायला तिथेच, सुट्टीच्या दिवशी घरी. घर मावशीवर आलं.

धोंडिबाची झाडं होती रायवळ आंब्याची. हापूसला लोक नाचतात, रायवळला कोण विचारतो? बाठा मोठा, धागे दातांत अडकतात, व्यापारी बघायलाही येत नाही. झाडाखाली सडा पडायचा आणि गुरं खायची. एका वर्षी धोंडिबा दोन पोती कैऱ्या घेऊन मोहन्यात उतरला आणि म्हणाला, "गंगे, बघ यांचं काही होतं का." मावशीने लोणचं घातलं. काय सांगू तुम्हाला, त्या आंबटढाण कैरीचं असं लोणचं झालं की चाळीत बरण्यांवरून भांडणं लागली. पुढच्या वर्षी ती कल्याणच्या, डोंबिवलीच्या बिल्डिंगींमधून दारोदार विकायला लागली. मग शेजारच्या बायका मदतीला आल्या, चाळीतलीच मेघना आली, बचत गट झाला. फोडी सगळ्या मिळून करायच्या, पण कालवायची फक्त मावशी. आमच्याकडे तसंच असतं. लोणचं एकाच हाताने कालवायचं. अर्धं एकीने, अर्धं दुसरीने केलं तर टिकत नाही म्हणतात. शिवाय पाळी, सोयर, सुतक असलं की लोणच्याच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही. हे बायकांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

ऋजुता मॅडम आल्या त्या या लोणच्यामुळेच. डोंबिवलीच्या त्या. त्यांच्या आईने मावशीकडून लोणचं घेतलेलं. मॅडम विद्यापीठात खाण्याच्या वस्तू कशा टिकतात यावर संशोधन करायच्या. एक दिवस माझ्याच रिक्षातून मोहन्याला आल्या, मांडीवर वजनकाट्यांची आणि कसल्या कसल्या नळ्यांची पेटी. खड्डा आला की पेटीला मिठी मारायच्या. मी म्हटलं, "मॅडम, बाळ आहे का आत?" तर हसून म्हणाल्या, "बाळ तर रिक्षा चालवतायत." बाई मला तिथेच आवडली.

त्यांचं म्हणणं मला पटायला वेळ लागला नाही. जिल्ह्यातल्या गावांत जे पिकतं आणि फुकट जातं, त्याच्यावर तिथल्याच माणसांचा धंदा उभा करायचा. विद्यापीठ अभ्यास करणार, काय प्रमाणात काय घातलं की किती महिने टिकतं ते शोधणार, आणि मग ते आमचं. ठाण्याचा एक मोठा दुकानदार तयार होता. त्याची अट एवढीच, की लोणच्यात टिकवायची पावडर नको आणि मीठ कमी पाहिजे. आजकाल सगळ्यांना बीपी. पहिली मोठी खेप त्याला आवडली, की दरवर्षी वाडीतल्या सगळ्या झाडांच्या कैऱ्या लागणार आणि मोहन्यातल्या बायकांना कायमचं काम मिळणार.

हे ऐकल्यावर धोंडिबा तर नुसता उडत होता. त्याचा मुलगा सुशांत भिवंडीच्या गोदामात माल उचलतो, तिथेच कुठेतरी दहा जणांत झोपतो. वाडीतली सगळी तरणी पोरं अशीच बाहेर. धोंडिबा मला म्हणाला, "बाळ, कैरीला गिऱ्हाईक आलं तर माझा सुशांत घरी येईल रे. मला अजून काय पाहिजे?" बहिणीला वाडीला घेऊन जाईन, तिथे तिच्या हातून नारळ फोडीन, असं बरंच काय काय तो बोलायचा. मावशी नुसती बघत बसायची त्याच्याकडे. तिने ही खेप मनावर घेतली ती त्याच्यासाठी. पैसा तर सगळ्यांनाच हवा असतो, पण तिला भावाचं घर भरलेलं बघायचं होतं.

मॅडमनी वर्षभर प्रयोग केले. मीठ थोडं कमी, अजून थोडं कमी, असं करत करत त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये महिनोन् महिने लोणचं छान राहिलं. मग मे महिन्यात खरी खेप घालायचं ठरलं. कैऱ्या घेऊन धोंडिबा स्वतः आला. एसटीत पोत्यांवरून कंडक्टरशी भांडून, कल्याणच्या डेपोत माझी वाट बघत पोत्यावरच बसलेला. रिक्षात बसल्यावर एक पोतं मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "मामा, मागे ठेवा की." म्हणाला, "राहू दे, मार लागला तर फोडी काळ्या पडतात." त्या दिवशी तो मावशीकडे जेवला, तांदळाची भाकरी आणि सुकट. संध्याकाळची गाडी पकडून गेला. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लोणचं झालं की तुला न्यायला येतो. चार दिवस राहायचं, सबबी सांगायच्या नाहीत."

नंतर बायका फोडी करायला बसल्या. मावशीच्या खोलीत आणि पुढच्या ओट्यावर नुसत्या कैऱ्याच कैऱ्या. मीठ-हळद मावशीने चोळली, सुटलेलं पाणी काढलं, फोडी फडक्यावर पसरल्या, मसाला परतला, तेल उकळून गार करत ठेवलं. गुरुवारी कालवायचं होतं. त्या उकाड्यात फोडी तशाच ठेवल्या असत्या तर शुक्रवारपर्यंत गेल्या असत्या, हे तर मलाही कळत होतं.

गुरुवारी सकाळी मी चहाला गेलो तिच्याकडे, रोजच्यासारखा. बायका यायच्या होत्या. मावशी भिंतीला टेकून बसलेली, मोबाईल मांडीत. मी म्हटलं, "काय मावशी, आज तर तुमचा मोठा दिवस!" दारात माझी रिक्षा, रिक्षात गाणी चालू. म्हणाली, "बाळ, आज गाणी बंद ठेव रे." मी चेष्टेत म्हटलं, "का, लोणच्याला आवडत नाहीत?" तिने माझ्याकडे बघितलं फक्त. मी जाऊन बंद केली गाणी. चहा तिने मला दिला, स्वतः घेतला नाही. मला वाटलं, खेपेचं टेन्शन आलंय.

मग बायका आल्या, गडबड सुरू झाली. मावशीने पदर खोचला, मोठ्या परातीत फोडी घेतल्या आणि कालवायला बसली. कोपरापर्यंत हात लाल. मी डबे उचलायला आत-बाहेर करत होतो, दर वेळी बघायचो तर ती खांद्याने डोळे पुसतेय. मेघना म्हणाली, "मिरची झोंबली वाटतं आज मावशीला." सगळ्या हसल्या. मीपण हसलो. मावशी कालवत राहिली. एक परात झाली की दुसरी. जेवायला उठली नाही, पाणी मागितलं नाही. दुपार उलटली तेव्हा शेवटच्या डब्याला फडकं बांधून झालं. मग ती मोरीत गेली आणि नळाखाली बसून डोक्यावरून पाणी घेतलं, साडीसकट. बायका म्हणाल्या, उकडलं असेल.

मे महिना संपता संपता मॅडम लोणचं तपासायला आल्या. पहिल्या डब्याचं फडकं सोडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. वर पांढरी बुरशी. खालून बुडबुडे येत होते, लोणचं फसफसत होतं. दुसरा डबा तसाच. तिसरा तसाच. अहो, अख्खी खेप गेली! ठाण्याचा दुकानदार दोन दिवसांनी येणार होता, त्याला मॅडमनी तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. थोडं थोडं लोणचं बाटल्यांत भरून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशी, कशामुळे झालं ते मी शोधते. लगेच कोणाला दोष देऊ नका."

पण लोक ऐकतात होय? मॅडमची पाठ वळायचा अवकाश, ओट्यावर सुरू. कोणाची पाळी होती खरं सांगा. कोणाच्या घरात कोण बाळंत झालं. एकमेकींच्या सासरामाहेरापर्यंत पोचल्या. दोघी तर रडत घरी गेल्या. मावशी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिचा चेहरा असा झालेला की मी विचारलं, "मावशी, डॉक्टरकडे जायचं का?" ती म्हणाली, "नको. मला काय धाड भरलीय!"

दुसऱ्या दिवशी सुशांत आला. धोंडिबाचा सुशांत. हातात केळी आणि ग्लुकोजचा पुडा, आजारी माणसाला भेटायला जातात तसा. डोक्यावर टोपी. ओट्यावर बायका होत्याच. त्याने वाकून मावशीला नमस्कार केला आणि टोपी खाली पडली. डोक्याचं पार मुंडण.

मग मेघनाच म्हणाली, "अरे, कोण गेलं?"

सुशांत गोंधळला. मावशीकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. म्हणाला, "बाबा गेले ना. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात न्यायच्या आत. आत्याने सांगितलं नाही का तुम्हाला? मीच फोन केलेला सकाळी. आत्या म्हणाली, अंगात ताप आहे, उठवत नाही, माझ्यासाठी थांबू नका." मग तो मावशीजवळ खाली बसला. "आत्या, तरी आम्ही थांबलो गं. सगळे म्हणाले, ताप असला तरी बहीण आहे, कशीही येईल. शेवटचं पाणी तुझ्या हातचं घालायचं म्हणून तांब्या भरून ठेवलेला. तुझा फोन बंद. उन्हं कलली, मग लोक म्हणाले आता थांबता येणार नाही. आता बरी आहेस ना? मी म्हटलं, दिवस आटपले की आधी तुलाच बघून येतो."

मेघनाने विचारलं, "कुठल्या दिवशी रे?"

"गुरुवारी," तो म्हणाला.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कोणतरी पुटपुटलं, "गुरुवारी तर आपण लोणचं घातलं." आणि मग मेघनाचा आवाज चढला. "अगं बाई! भावाचं मढं तिकडे दारात आणि ही इकडे लोणचं कालवत होती! ताप कुठला? चांगली धडधाकट बसलेली आमच्यासमोर. सुतकाचे हात घातलेस गंगुबाई तू लोणच्यात, आणि वर आम्हाला एकमेकींच्या झिंज्या धरू दिल्यास!"

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "मेघना, तोंड आवर! तिचा भाऊ गेलाय!" मेघना म्हणाली, "मला नको सांगू, तिला सांग, भाऊ गेलाय म्हणून." मी पुढे बोलणार, तर मावशीने हात वर केला. म्हणाली, "बाळ, नको. ती बरोबर बोलतेय."

सुशांत उठला. त्याला सगळं कळायला थोडा वेळ लागला, मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता येणार नाही. मावशी म्हणाली, "सुशांत, ऐक ना रे. त्याच्याच कैऱ्या होत्या. मी सांगितलं असतं तर या उठून गेल्या असत्या, सगळ्या फोडी उकिरड्यावर गेल्या असत्या. तुझ्यासाठीच चाललेलं ना त्याचं सगळं? मला वाटलं, दादाला हेच आवडलं असतं." सुशांत एवढंच म्हणाला, "ते तुझी वाट बघत पडून होते, आत्या." केळी तिथेच ओट्यावर ठेवली आणि निघाला. मी मागे धावलो, म्हटलं रिक्षाने सोडतो, पाणी तरी पी. तो थांबला नाही. आत्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिता गेला पोरगा.

आता तुम्ही म्हणाल, लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं, तेवढ्यासाठी एवढा तमाशा? पण ते तीन दिवस बरोब्बर लोणच्याचे होते. आणि खरं सांगू का, सुतकापेक्षा मोठी गोष्ट ती गेली नाही ही होती. बहीण भावाच्या शेवटच्या दर्शनाला गेली नाही, हे आमच्यात कोणी विसरत नाही. ती स्वतः तर नाहीच नाही.

पुढच्या रविवारी मी तिला कल्याणच्या डेपोत सोडलं. एकटीच गेली वाडीला. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाली. संध्याकाळी परत घ्यायला गेलो. रिक्षा वालधुनीला आली. मग म्हणाली, "वहिनीने चहा दिला. बोलली नाही काही. दादाचा फोटो लावलाय. आधार कार्डावरचा मोठा करून घेतलाय रे. तो तसा दिसतच नव्हता. डोळे असे विस्फारलेले, जसा काय घाबरलाय." आणि तोंडाला पदर लावून जी रडायला लागली, ती मोहने येईपर्यंत. मी रिक्षा नदीजवळ बाजूला घेतली आणि थांबलो.

गट फुटला. बायका मेघनाच्या घरी जमायला लागल्या, पापडबिपड करू म्हणून. मावशी काहीच करेना. कोणी जुनं गिऱ्हाईक दारात आलं तर सांगायची, "माझ्या हातचं आता टिकत नाही." एवढं शांतपणे सांगायची की ते लोक पुढे विचारायचेच नाहीत. दौलतकाकांनी ठाण्याहून येऊन समजावलं, चिडून बघितलं. तिचं एकच, "पाप केलं मी, त्याची फळं लोणच्यावर दिसली. देवाने सगळ्यांना दाखवून दिलं." दर गुरुवारी उपास धरायला लागली. कधी पाण्याचा तांब्या भरून तुळशीपुढे ठेवायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. मला ते बघवायचं नाही. मी रिक्षा लावायचो आणि तिच्या दारावरून मान खाली घालून जायचो.

ऋजुता मॅडम मात्र शोधत होत्या. त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या, कधी या डब्याचं घेऊन जा, कधी त्या. एकदा शहाडला उतरून मला म्हणाल्या, "बाळदादा, मला एक पत्र्याची शेड मिळेल का, मोहन्यातच? मावशींच्या खोलीसारखीच तापणारी." मी माझ्या मित्राच्या गॅरेजमागची शेड मिळवून दिली. त्यांनी मोसमातल्या शेवटच्या कैऱ्या बाजारातून आणल्या. विद्यापीठातल्या त्यांच्या मुलामुलींनी दोन प्रकारचं लोणचं घातलं, एक कमी मिठाचं आणि एक मावशीच्या जुन्या प्रमाणाचं. डबे त्या शेडमध्ये ठेवले. मी कुलूप उघडून द्यायचो. काय चाललंय ते मला पूर्ण कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं, की ही बाई सोडणारी नाही. तिच्या नोकरीत यासाठी कोणी शाबासकी देणार होतं अशातला भाग नाही. प्रकल्प तर तसाही बंद व्हायला आलेला.

जुलैत एका दुपारी त्या आल्या. छत्री मिटतामिटताच म्हणाल्या, "बाळदादा, चला मावशींकडे. आज मला त्यांच्याशी बोलायचंय." चेहऱ्यावर थकवा होता, पण काहीतरी सुटल्यासारखंही दिसत होतं. मीपण खूश झालो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आज मावशीच्या डोक्यावरचं ओझं उतरणार.

मावशी तांदूळ निवडत बसलेली. मॅडम तिच्या समोर फरशीवर बसल्या. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "मावशी, ऐका. लोणचं तुमच्यामुळे खराब झालं नाही. चूक माझी होती. मीठ मी कमी करायला लावलं. माझ्या प्रयोगशाळेत एसी असतो, बाटल्या छोट्या असतात, तिथे ते टिकलं. तुमच्या खोलीतल्या उन्हाळ्यात, एवढ्या मोठ्या डब्यांत, तेवढ्या मिठावर ते टिकूच शकत नव्हतं. मी हे आधी बघायला पाहिजे होतं. माफ करा मला."

मावशी हात सोडवून घेत म्हणाली, "असं नका बोलू मॅडम. माझ्यासाठी बोलताय तुम्ही. सुतक होतं मला."

"नाही मावशी," मॅडम म्हणाल्या. "मी पुन्हा करून बघितलं ना. माझ्या मुलांनी घातलं, तुमचा हात कुठेच लागला नव्हता. कोणाच्या घरी कोणी गेलं नव्हतं. कमी मिठाचे सगळे डबे तसेच फसफसले, तशीच बुरशी. तुमच्या प्रमाणाचं अजून चांगलं आहे. विचारा बाळदादांना."

मी मान हलवली. "खरंय मावशी. मी स्वतः बघितलं."

मावशी पुन्हा सुपातले तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं, आता रडेल आणि मोकळी होईल. मॅडमही तीच वाट बघत होत्या. मग तिने मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मी काहीही केलं असतं, तरी ते जाणारच होतं?"

"हो," मॅडम म्हणाल्या, अगदी मनापासून. "काहीही केलं असतं तरी. तुमचा काहीच दोष नाही."

"मी कालवलं नसतं? सगळं तसंच टाकून उठले असते?"

"तरी तेच झालं असतं, मावशी."

मावशीचा चेहरा हळूहळू असा बदलला की मी घाबरलो. इतके दिवस ती पाप पाप करत होती, तेव्हासुद्धा ती अशी दिसली नव्हती. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, दादाचं तोंड नाही बघितलं, पण त्याच्या कैऱ्या तर वाचवतेय." मग मॅडमचा दंड धरला आणि हलवून हलवून विचारायला लागली, "मग मी का नाही गेले गं? तो वाट बघत पडला होता. मी का नाही गेले?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी दाराबाहेर बघितलं.